बालज्वर आणि रक्ताची साक्ष

वैद्यकाच्या सर्व शाखांमध्ये बालवैद्यकाची शाखा एका विशेष अडचणीने ग्रासलेली आहे, आणि ती अडचण अशी की ज्याच्या दुःखाचा तपास करावयाचा त्याची जबानीच वैद्याला मिळत नाही. मोठा माणूस दवाखान्यात येतो तो अर्धे निदान आपल्या तोंडानेच घेऊन येतो. लघवीला जळजळ होते, कमरेच्या वर एका बाजूस ठणकते, थंडी वाजून ताप भरतो, एवढे त्याने सांगितले की पुढचा मार्ग बहुतांशी ठरून जातो. परंतु सात-आठ महिन्यांचे मूल तापाने फणफणलेले, अंगावरचे दूध तोडलेले, आईच्या खांद्यावर मान टाकून पडलेले असे समोर येते, तेव्हा त्या तापाचे मूळ कानात आहे, घशात आहे, फुप्फुसात आहे की कोठे दृष्टीआड मूत्रपिंडात आहे, हे केवळ बाहेरून ओळखणे अनुभवी डॉक्टरांनाही साधत नाही. आपल्या प्राचीनांना या अडचणीची पूर्ण जाणीव होती. काश्यपसंहितेत बोलता न येणाऱ्या बालकाच्या वेदना त्याच्या हालचालींवरून कशा ओळखाव्यात याला एक स्वतंत्र अध्याय वाहिलेला आहे, आणि ज्या मुलाला मूत्रकृच्छ्र झाले आहे ते ओठ चावते व हाताने ओटीपोट चाचपते, अशा आशयाचे निरीक्षण त्यात नमूद आहे. ते लिहिणाऱ्याने पुष्कळ मुलांच्या उशाशी बसून रात्री काढल्या असल्या पाहिजेत.

ज्या विषयाची ही प्रस्तावना आहे, तो याच जुन्या अडचणीचा आजचा अवतार होय. मुलांच्या मूत्रमार्गातील जंतुसंसर्गाचे निदान करताना रक्तातील काही द्रव्यांचे मोजमाप किती उपयोगी पडते, कोठे उपयोगी पडते आणि कोठे ते आपणास भलत्याच वाटेला नेते, हा तो विषय. तो केवळ प्रयोगशाळेतील तज्ज्ञांचा आहे असे मानण्याचे कारण नाही. दोन वर्षांच्या आतील जी मुले ताप घेऊन दवाखान्यात येतात, त्यांच्यापैकी दर शंभरांमागे सुमारे ७ मुलांच्या तापाचे कारण मूत्रमार्गातील संसर्ग हे असते, असे देशोदेशींच्या अभ्यासांच्या एकत्रित पाहणीतून निघालेले आहे. संसर्ग मूत्राशयापुरताच राहिला तर चार-पाच दिवसांच्या औषधाने प्रकरण मिटते. तो वर चढून मूत्रपिंडात शिरला तर मात्र त्या कोवळ्या अवयवावर कायमचा व्रण राहण्याचा संभव असतो. मूत्रमार्गाच्या पहिल्या संसर्गानंतर साधारणपणे शंभरांत १५ मुलांच्या बाबतीत असा व्रण राहतो, आणि ताप सुरू झाल्यापासून योग्य औषध मिळेपर्यंत दोन दिवसांहून अधिक काळ लोटला तर हा धोका वाढत जातो. ज्याच्या मूत्रपिंडांवर असे व्रण फार झाले, त्याला तारुण्यात रक्तदाबाने आणि पुढे मूत्रपिंडाच्या दौर्बल्याने गाठण्याची धास्ती राहते. लहानपणीच्या एका तापाची दखल वेळेवर न घेतल्याची किंमत माणूस वीस-तीस वर्षांनी मोजतो, आणि तेव्हा त्याला तो ताप आठवतही नाही.

आता कोणी म्हणेल की लघवीत जंतू आहेत की नाहीत हे लघवीच तपासून पाहावे. रक्ताकडे जाण्याचे प्रयोजन काय? हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ज्याला हवे असेल त्याने नागपुरात ‘मेडिकल’ या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा मेयो रुग्णालयाच्या बालरोग बाह्यरुग्ण विभागात एखादी सकाळ काढावी. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर आणि सीमेपलीकडील छिंदवाडा, शिवनी, बालाघाट इतक्या मुलखातून आलेल्या आया केसपेपर हातात धरून ओळीने बसलेल्या असतात. “तीन दिवसांपासून ताप येऊन ऱ्हायला जी पोरीले, उतरतच नाही,” एवढीच बहुतेकींची फिर्याद. सिस्टर एक निर्जंतुक डबी देते आणि मधल्या धारेची लघवी आणावयास सांगते. मग ती माउली मोरीच्या कडेशी उकिडवी बसते, एका हाताने पोरीच्या मांड्या उचलून धरते, दुसऱ्या हातात डबी सांभाळते, आणि तोंडाने तो सर्व मराठी घरांतील आयांना ठाऊक असलेला ‘शूऽऽ’ असा दीर्घ आवाज काढीत राहते. दहा मिनिटे जातात, वीस जातात. शेवटी धार येते ती अचानक, अर्धी हातावर, अर्धी जमिनीवर, आणि डबीत जे चार थेंब पडतात ते त्वचेवरील व बोटांवरील जंतूंना बरोबर घेऊनच पडतात. तीन दिवसांनी कल्चरचा अहवाल येतो, तेव्हा त्यात दोन-तीन जातींचे जंतू मिश्र वाढल्याचे लिहिलेले असते, आणि त्या अहवालाचा अर्थ लावणे म्हणजे पुसट झालेल्या दस्तऐवजावरून हद्दीचा तंटा मिटवण्यासारखे होऊन बसते.

चिकटवण्याच्या पिशवीने नमुना घेतला तर दूषितपणा अधिकच वाढतो. म्हणून अशा नमुन्यावर कल्चरचा निर्णय करू नये, याविषयी जाणत्यांत मतभेद नाही. नळीने किंवा ओटीपोटातून सुई घालून काढलेली लघवी सर्वांत विश्वसनीय खरी. पण गर्दीच्या दवाखान्यात, घाबरलेल्या आईसमोर, रडणाऱ्या मुलावर ते करणे प्रत्येक ठिकाणी शक्य होत नाही. स्पेनमधील वैद्यांनी २०१३ साली नवजात बालकाला काखांखाली धरून ओटीपोटावर हलक्या चापट्या व कमरेच्या मणक्यांपाशी चोळण देण्याची युक्ती प्रसिद्ध केली, आणि मेलबर्नच्या वैद्यांनी २०१७ साली थंड सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजने ओटीपोट चोळण्याची. या दोन्ही युक्त्यांना खर्च जवळजवळ नाही, आणि आपल्याकडील प्रत्येक बालविभागात त्या शिकवल्या जाव्यात असे माझे आग्रहाचे मत आहे. पट्टी बुडवून नायट्राइट पाहण्याची सोपी चाचणी आहे, तीही तान्ह्या मुलांत फसते. कारण जंतूंनी नायट्रेटचे नायट्राइट करावयास लघवी मूत्राशयात सुमारे चार तास मुक्कामाला असावी लागते, आणि तान्हे मूल तर तासा-दीड तासाने दुपटे ओले करते.

या सर्व प्रकरणाला एक इतिहास आहे आणि तो थोडक्यात सांगणे अवश्य आहे. थिओडोर एशेरिख या बालवैद्याने १८८५ साली म्युनिकमध्ये तान्ह्या मुलांच्या आतड्यांतील जो जंतू ओळखला व ज्याला पुढे त्याचेच नाव मिळाले, तोच जंतू मुलींच्या मूत्राशयदाहास कारण होतो हे त्यानेच १८९४ साली नमूद केले. आजही दहांतील आठ किंवा अधिक संसर्ग त्याच ई. कोलायचे असतात. एका मिलिलिटरात एक लक्ष जंतू असले म्हणजे संसर्ग खरा, हा दंडक एडवर्ड कास याने १९५६च्या सुमारास प्रौढ स्त्रियांच्या अभ्यासावरून घालून दिला, आणि आपण तो पुष्कळ काळ बालकांनाही जसाच्या तसा लावीत आलो. एका वयाचे माप दुसऱ्या वयाला लावण्याची ही खोड विसरू नये, कारण रक्ताच्या चाचण्यांच्या बाबतीत ती पुन्हा आपल्यासमोर येणार आहे.

लघवी जंतूंची उपस्थिती सांगते, परंतु ते मूत्राशयात अडकून आहेत की मूत्रपिंडात घुसले आहेत हे ती सहसा सांगत नाही. हे सांगणारी खात्रीची परीक्षा म्हणजे किरणोत्सारी टेक्नेशियमयुक्त डीएमएसए द्रव्य टोचून काढलेली मूत्रपिंडाची प्रतिमा. पण तिला अणुवैद्यकाचा विभाग लागतो, खर्च लागतो आणि मुलाला काही वेळ निश्चल ठेवावे लागते. धानोऱ्याच्या किंवा सालेकशाच्या ग्रामीण रुग्णालयात तिचा विचार करणेही व्यर्थ. म्हणून प्रश्न असा उभा राहिला की मूत्रपिंडाला दाह झाल्याची काही खबर रक्तात उमटते काय.

उमटते, आणि ती खबर देणाऱ्या खुणांमध्ये तीन प्रमुख आहेत. तांबड्या पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात हे पाहणारी ईएसआर ही सर्वांत जुनी. तिच्याकडे आपण पुढे येऊ. दुसरी खूण सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, ज्याला सर्व प्रयोगशाळा सीआरपी म्हणतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांनी १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते प्रथम पाहिले. जंतूंची चाहूल लागताच शरीरातील भक्षक पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचा संदेश सोडतात, तो यकृतास पोचतो, आणि यकृत हे प्रथिन भराभर घडवू लागते. सहा ते बारा तासांत रक्तातील पातळी वाढू लागते आणि दीड-दोन दिवसांत शिखरास जाते. येथेच त्याची मर्यादाही आहे. ज्या मुलाचा ताप सकाळी सुरू झाला व ज्याला दुपारी दवाखान्यात आणले, त्याचे सीआरपी कमी आले म्हणून त्याला निर्धास्तपणे घरी पाठवणे धोक्याचे असते.

तिसरी खूण प्रोकॅल्सिटोनिन. कॅल्सिटोनिन हे गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक. ११६ अमिनो आम्लांची ही साखळी त्याचे पूर्वरूप. निरोगी शरीरात ते रक्तात जवळजवळ आढळतच नाही. परंतु जंतूंचा तीव्र हल्ला झाला की यकृत, फुप्फुस, मेद असे थायरॉइडशी काही संबंध नसलेले अवयवही ते निर्माण करू लागतात, आणि विषाणूंच्या तापात मात्र इंटरफेरॉनच्या प्रभावामुळे ही निर्मिती बहुधा दबून राहते. तीव्र जंतुसंसर्ग झालेल्या मुलांच्या रक्तात ते विपुल सापडते हे फ्रान्समधील आसिको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली लॅन्सेटमध्ये दाखवून दिले. पाच वर्षांनी जिनिव्हातील बालवैद्यांनी ते नेमके आपल्या प्रश्नाला लावून पाहिले. डीएमएसए प्रतिमेत ज्यांच्या मूत्रपिंडाला इजा दिसली त्या मुलांत प्रोकॅल्सिटोनिनची सरासरी लिटरमागे पाच मायक्रोग्रॅमच्या वर होती, आणि ज्यांचा संसर्ग खालच्या मार्गापुरताच होता त्यांच्यात ती अर्ध्या मायक्रोग्रॅमच्याही खाली. तेव्हापासून हे द्रव्य बालमूत्रवैद्यकात मानाने बसले आहे.

मान दिला म्हणून सर्व अधिकारही द्यावेत असे मात्र नाही. वैद्यकीय पुराव्यांची निष्पक्ष छाननी करणाऱ्या कॉक्रेन मंडळाने २०१५ साली आणि पुन्हा २०२० साली या तिन्ही चाचण्यांचा हिशोब मांडला. त्यातून निघाले ते असे: सीआरपीची रेषा लिटरमागे २० मिलिग्रॅमवर धरली तर मूत्रपिंडाचा दाह असलेल्या शंभर मुलांतील नव्वदांहून अधिक मुले ती हेरते, पण ज्यांना तो दाह नाही अशा शंभरांतील चाळीसांनाही ती निर्दोष ठरवू शकत नाही. प्रोकॅल्सिटोनिनची रेषा ०.५ वर धरली तर ते ऐंशीच्या आसपास खरे रुग्ण हेरते आणि पाऊणशेच्या आसपास निरोगी मूत्रपिंडांना सोडून देते. दुसऱ्या शब्दांत, सीआरपी कमी आले तर ‘मूत्रपिंड बहुधा वाचले’ असे म्हणावयास आधार मिळतो, प्रोकॅल्सिटोनिन वाढले तर ‘मूत्रपिंडात शिरकाव झाला असावा’ या तर्काला बळ येते. आणि केवळ कोणत्याही एकाच आकड्यावर विसंबून उपचाराची दिशा ठरवण्याची शिफारस त्या मंडळाने केलेली नाही. किमतीचा विचार केला तर सीआरपी काही शे रुपयांत होते, प्रोकॅल्सिटोनिनला त्याच्या कैक पट पैसे पडतात. ज्या आईने गावाहून येताना बसभाडे उसने घेतले आहे, तिच्या केसपेपरवर ही चाचणी लिहिण्यापूर्वी तिच्या उत्तराने उपचारात नेमका कोणता फरक पडणार आहे, हा प्रश्न डॉक्टरने स्वतःला विचारलाच पाहिजे.

यांच्यानंतर आलेल्या मंडळींत एनजीएएल या प्रथिनाचा उल्लेख टाळता येत नाही. जंतूंना वाढीसाठी लोह लागते आणि ते मिळवण्यासाठी ते लोह पकडणारे एक द्रव्य सोडतात. एनजीएएल त्या द्रव्यालाच जखडून ठेवते आणि जंतूंची रसद तोडते. संरक्षणासाठी शरीराने योजलेली ही तजवीज निदानासही कामी येते. परंतु तिची उत्तम साक्ष रक्तात न मिळता लघवीतच मिळते, आणि तेथे आपण पुन्हा त्या डबीशी व त्या चार थेंबांशी येऊन पोचतो.

आता ज्या मुद्द्यासाठी ही प्रस्तावना नागपुरात बसून लिहावी असे मला तीव्रतेने वाटले, त्याकडे येतो. हे सारे आकडे जिनिव्हाच्या, पॅरिसच्या, इतर दूरदेशींच्या मुलांवरून बसवलेले आहेत. विदर्भाच्या मुलाचे रक्त काही बाबतींत निराळे आहे. नागपूर वैद्यकीय महाविद्यालयाच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचे आपले निरीक्षण १९५८ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध केले, तेव्हापासून हा आजार या भूमीत किती खोल रुजला आहे हे जगास ठाऊक आहे. ज्या मुलाचा ‘एसएस पॅटर्न’ आहे, त्याच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. त्या एकमेकींवर चवडीसारख्या रचल्या जात नाहीत, आणि म्हणून त्या नळीत सावकाश बसतात. परिणामी अशा मुलाच्या शरीरात भडका उडालेला असतानाही ईएसआर कमी येऊ शकते. उलट साध्या पंडुरोगात ती वाढते, आणि २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील पाच वर्षांखालील शंभर मुलांत ६७ मुले पंडुरोगी आहेत. एक कारण आकडा खाली ओढते, दुसरे वर ढकलते, आणि त्या मधल्या आकड्यावरून कोणी मूत्रपिंडाचा निवाडा करू लागला तर त्याने तो करू नये एवढेच म्हणता येईल.

सीआरपीचेही तसेच. सिकलसेलच्या वेदनेच्या झटक्यात, संसर्ग नसतानाही, ते भरपूर वाढते. प्रोकॅल्सिटोनिन अशा वेळी तुलनेने संयम पाळते, म्हणून येथे त्याची किंमत कदाचित वसूल होते. याच मुलांच्या मूत्रपिंडाचा आतील भाग लवकर दुबळा होतो, लघवी घट्ट करण्याची त्याची शक्ती जाते, आणि पातळ लघवीत पांढऱ्या पेशी फुटून जातात. सूक्ष्मदर्शकाखाली ‘पस सेल्स’ थोडे दिसले म्हणून समाधान मानणे येथे चुकीचे ठरते. शिवाय प्लीहा निकामी झालेल्या या मुलांना ताप आला की कोणत्याही आकड्याची वाट न पाहता जंतुनाशक सुरू करावे लागते, मात्र त्याआधी कल्चरची डबी भरून घेणे हे पाच मिनिटांचे काम कोणी चुकवू नये.

सिकलसेल नसलेल्या मुलांतही आमचे ऋतू आपला हात राखून असतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे गेला की पाणी कमी पडलेल्या मुलांना नुसत्या उष्म्यानेही ताप चढतो. पावसाळ्यात हिवताप येतो, डेंग्यू येतो, आणि २०१८ साली या भागात ज्याने हाहाकार केला तो स्क्रब टायफसही येतो. यांतील हिवताप व स्क्रब टायफस हे दोन्ही प्रोकॅल्सिटोनिन वाढवू शकतात. नवजात बालकाचे तर पहिल्या दोन दिवसांत ते निसर्गतःच वाढलेले असते. तेव्हा श्रावणात आलेल्या तापकरी मुलाचे प्रोकॅल्सिटोनिन दोन आले, तर ‘मूत्रपिंड’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी रक्ताची काच हिवतापासाठी पाहिली काय आणि स्क्रब टायफससाठी काखेत, जांघेत किंवा कानामागे चिगराच्या चाव्याचा काळा खपला शोधला काय, हे विचारणे प्राप्त आहे.

मूत्रपिंडाविषयी रक्त उशिरा बोलते, याचा कटू अनुभव या शहराने नुकताच घेतला. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याच्या परासिया भागातील कोवळी मुले साध्या ताप-खोकल्यानंतर लघवी बंद होऊन नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने त्यांची मूत्रपिंडे निकामी केली होती, आणि त्यांतील अनेक मुले दगावली. तो संसर्ग नव्हता, ती विषबाधाच होती. पण क्रिएटिनीन हा मूत्रपिंडाचा नेहमीचा रक्तनिर्देशक कार्यशक्तीचा निम्मा भाग गेल्यावरच ठळकपणे वाढतो, हे त्या दिवसांत पुन्हा एकदा दिसले. आईने ‘सकाळपासून लघवीच केली नाही’ म्हणून दिलेली वर्दी कित्येकदा प्रयोगशाळेच्या आधी पोचते.

रक्तातील खुणांच्या अभ्यासाला नागपुरात परंपरा नाही असे नाही. बजाजनगरातील सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये क्षयजन्य मस्तिष्कावरणदाहाच्या निदानासाठी अशा खुणांचा शोध वर्षानुवर्षे चालत आला आहे. मेडिकल आहे, मेयो आहे, मिहानमध्ये एम्स आहे, वर्ध्याजवळ सेवाग्राम आहे. मुले याच दारांतून रोज आत येतात. या संस्थांनी मिळून एक साधी नोंदवही ठेवावी, अशी माझी विनंती आहे. तापाच्या प्रत्येक मुलामागे पाच-सहा रकाने पुरेत: ताप सुरू झाल्यापासून किती तास झाले, लघवी कोणत्या रीतीने घेतली, ती जंतुनाशकाच्या पहिल्या मात्रेआधी घेतली की नंतर, सिकलसेलचा पॅटर्न काय, हिमोग्लोबिन किती, आणि सीआरपी वा प्रोकॅल्सिटोनिन केले असल्यास कोणत्या घटकेला. ज्यांची डीएमएसए प्रतिमा निघेल तिचा निष्कर्ष सहा महिन्यांनी त्याच ओळीत भरावा. ०.५ ही रेषा आमच्या एसएस मुलांना लागू पडते की त्यांच्यासाठी ती वर सरकवावी लागते, याचे उत्तर जिनिव्हाकडून येणार नाही. ते याच वहीतून निघेल, आणि पुढील प्रकरणे वाचणाऱ्या निवासी डॉक्टरांपैकी कोणी तिचे पहिले पान आखावयास घेतले तर या लेखनाचे श्रम वाया गेले नाहीत असे मी समजेन.